जोहऱ्याने टाकलेल्या दगडाची कडी

“तुम्ही फोडली! काका, तुम्हीच फोडली! मी दिली तेव्हा अख्खी होती. मतलब, मी स्वतः रुमालात बांधून आणली होती ना!”

केतकी ओरडत होती आणि मी माझ्याच कारखान्यात, माझ्याच स्टुलावर, गृहपाठाची वही विसरलेल्या पोरासारखा बसलो होतो. आवाज असा लागला होता की प्रताप नगरातल्या गच्च्यांवरचे झाडून सगळे मोर एकदम उडाले आणि सांगानेरला उतरायला आलेलं विमान घाबरून पुन्हा वर गेलं. माझी बायको सुलभा म्हणते, मोर दोनच होते आणि विमान आधीपासूनच वर चाललं होतं. तिचं मनावर घेऊ नका. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती.

माझ्या तळहातावर एका दगडी कडीचे दोन तुकडे होते. कडी केवढी, तर करंगळीच्या टोकावर मावेल एवढी. पण वय विचाराल तर माझ्या आजोबांच्या बरोबरीची. तिने दोन महायुद्धं पाहिली, इंग्रज आलेले-गेलेले पाहिले, आणि शेवटी गाठ पडली ती भुसावळच्या सोनवण्यांशी, म्हणजे माझ्याशी.

मला या अंकासाठी ‘तुमच्या धंद्याबद्दल लिहा’ असं सांगितलं, तेव्हा मी किती साली रेल्वेत लागलो, कधी फिटर झालो, कधी निवृत्त झालो, हे सगळं लिहायला बसलो होतो. दोन पानं झाल्यावर मलाच झोप आली. म्हणून ते सोडलं. ही फुटलेली कडी तेवढी सांगतो. धंदा त्यातच कळेल.

आता धंदा म्हणजे काय, ते आधी समजावून सांगावं लागेल, कारण जयपुरात राहून मी मासे धरायच्या काठ्यांचे सुटे भाग बनवतो असं म्हटलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग सुलभाकडे, सहानुभूतीने.

मासे धरायची जुनी उंची काठी बांबूची असे. अख्खा बांबू नव्हे. बांबूच्या सहा बारीक चिपा तासून, एकमेकींना चिकटवून, षटकोनी काठी करायची. साहेबलोक अशा काठ्या घेऊन हिमालयाच्या पायथ्याला महसीर धरायला जात. महसीर म्हणजे नदीतला पैलवान. मुठीपाशी दोऱ्याची चरखी असते. तिथून दोरा काठीच्या अंगावरच्या कड्यांमधून ओवत शेंड्यापर्यंत नेलेला असतो. मधल्या कड्या साध्या तारेच्या चालतात. पण दोन कड्यांचे फार हाल होतात. एक चरखीजवळची, पहिली, आणि एक अगदी शेंड्याची. मासा पळतो तेव्हा ओला दोरा, त्यात नदीची रेती, या दोन कड्यांवरून करवतीसारखा घासत जातो. विहिरीच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा पाहिल्यात ना? दगडाला पडतात, तर पितळेची काय कथा. आणि कडीला एकदा खाच पडली की ती उलटून दोऱ्यालाच कापते. नेमका मोठा मासा असतानाच.

म्हणून जुने लोक या दोन कड्यांच्या आत अकिकाचं वेढं बसवत. अकीक म्हणजे अंगठीत घालतात तोच, खंबायतकडचा कठीण गुळगुळीत दगड. पुढे कृत्रिम काठ्या आल्या, कारखान्यात भाजलेल्या कड्या आल्या, आणि अकिकाची कडी जगातून गेली. काठ्या मात्र राहिल्या, कपाटांवर, माळ्यांवर, पडवीच्या वाशांना. वडिलांची, आजोबांची काठी कुणीतरी खाली काढतो, धूळ पुसतो आणि पाहतो तर कडीतला दगड गायब. मग तो शोधत शोधत माझ्यापर्यंत येतो. जगात या कामाची पाच माणसं आहेत. चार माझ्याकडून शिकली. (सुलभा: “कोण चार?” असो.)

चौकट मी बनवतो, जर्मन सिल्व्हरची. ते लोखंड-पितळेचं काम, माझ्या हातातलं. दगड बनवतो रामगंजच्या गल्लीतला हमीदभाई. जयपूरला नदी नाही, समुद्र नाही, पण दगड घासणारे हात म्हणाल तर जगात दुसरीकडे नाहीत. आमच्या दोघांची भागीदारी जुनी. गंमत अशी की दोघांनीही आजवर एक मासा धरलेला नाही. हमीदभाई म्हणतो, “सात पुश्तों ने पत्थर घिसा. दुल्हन के लिए घिसा, राजा के लिए घिसा. मछली के लिए मैं पहला हूँ.”

तर केतकी.

केतकी आमच्या इथल्या मराठी मंडळातली. वैशाली नगरात राहते, बँकेत अधिकारी आहे, जन्म जयपूरचा, त्यामुळे मराठी बोलताना मधूनच हिंदीच्या गल्लीत शिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर येते. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मी नेहमीप्रमाणे चार लोकांना माझा पराक्रम सांगत होतो, की कुठल्याही काळातली, कुठल्याही देशातली, कितीही मोडकी काठी आणा, नव्यापेक्षा जुनी करून देतो. ती मागे उभी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती लांबलचक कापडी पिशवी घेऊन दारात हजर.

काठी तिच्या वडिलांची, आप्पांची. आप्पा मूळचे साताऱ्याकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीत नद्यांचं पाणी मोजणारे इंजिनीअर. उभा जन्म कुठल्या ना कुठल्या नदीच्या काठावर पट्टी रोवून पातळी लिहिण्यात गेला. संध्याकाळी काम संपलं की तिथेच गळ टाकायचा. ही काठी त्यांनी तरुणपणी कुणा देश सोडून निघालेल्या चहामळेवाल्या साहेबाकडून घेतलेली. शेंड्याची कडी कधीच हरवली होती. चरखीजवळची तेवढी मूळची होती, काठीवरून सुटलेली, रुमालात बांधून आणलेली; तिचा दगड मात्र शाबूत.

“काका,” ती म्हणाली, “आई गेल्यापासून आप्पा खोलीच्या बाहेर येत नाहीत. सव्वा वर्ष झालं. पडदे लावून बसतात. डॉक्टर म्हणतात शरीर ठीक आहे. मी कितीदा म्हटलं, चला ना, तुमच्या नदीवर जाऊ, कुमाऊँला, मी सुट्टी काढते. तर शेवटी म्हणाले, काठी होती तशी झाली, की जाऊ. बस्स, एवढंच म्हणाले.”

मला लगेच कळलं. म्हातारा हुशार. अकिकाच्या कड्या मिळत नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी मुलीला होकार दिला नव्हता, कुलूप दिलं होतं, किल्ली नसलेलं. बाईसाहेबांनी मात्र ते खरं धरलं. बँकेतून रजा मंजूर करून घेतली, नदीकाठच्या तंबूंचं बुकिंग करून टाकलं, गाडी ठरवली. वीस दिवस हातात.

“वीस? मला दहा पुरतील,” मी म्हणालो. माझी जीभ माझ्या हातांना न विचारता वचनं देते, हा माझा जुना रोग आहे.

आता तो दगड फुटला कसा. शरमेची गोष्ट आहे, पण छापून टाका. मूळच्या कडीची चौकट वाकली होती. ती सरळ करायला दगड बाहेर काढायला हवा होता, आणि दगड जुन्या लाखेत घट्ट रुतून बसलेला. आमच्या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये एकच वेद शिकवतात: जे सुटत नाही, त्याला गरम करा. नट असो, बेअरिंग असो, वरिष्ठ असो. तीस वर्षांचा हात. मेंदूला कळायच्या आत मी बर्नर पेटवून ज्योत दाखवली होती. लोखंड गरम केलं की फुगतं आणि सोडतं. दगड फुगत नाही. दगड फक्त म्हणतो, टिक्. एवढा बारीक आवाज, की शेजारी फोडणीत मोहरी तडतडली असती तर ऐकूही आला नसता. आणि त्याच क्षणी, बँकेतून परस्पर, ‘काका, कुठपर्यंत आलं?’ म्हणत केतकी दारात.

तिचं ओरडून झालं. मग ती खाली, फरशीवरच बसली आणि रडायला लागली. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. सुलभा आतून आली, तिने आधी बर्नर बंद केला, मग माझ्याकडे असं पाहिलं की मला बर्नर बरा वाटला.

“ऊठ बाई,” ती केतकीला म्हणाली. “हे तोंडाने जेवढे फोडतात, त्यापेक्षा हाताने पुष्कळ जोडतात. दुसरी करतील. चहा घे.”

“पण आप्पांना कळलं तर? ते म्हणतील, झाली का होती तशी? नाही ना? मग राहू दे. पुन्हा पडदे लावून बसतील. काका, प्लीज, त्यांना नाही सांगायचं. दोन्ही नवीन बनवा आणि सांगा एक जुनीच आहे.”

“ते माझ्यावर सोड,” मी म्हणालो. खोटं बोलायचं काम मला मिळालं की माझी छाती भरून येते.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि रामगंजला गेलो. हमीदभाईने दोन तुकडे उजेडात धरले, जोडून पाहिले, नाकाशी नेले.

“गरम किया?”

“थोडासा.”

“पत्थर को?” त्याने दोन्ही कान धरले. “भाईसाब, इंजन समझ लिया था?”

मी आप्पांची गोष्ट सांगितली. जरा वाढवूनच सांगितली. माझ्या सांगण्यात आप्पा सात वर्षं अन्नपाणी वर्ज्य करून बसले होते. हमीदभाई ऐकत राहिला आणि म्हणाला, चार दिवसांनी या, त्या बुजुर्गांसाठी असा नग काढतो की नदी लाजेल.

चार दिवसांनी गेलो, तर गल्लीतली माणसं जमलेली. मखमलीच्या तुकड्यावर दोन कड्या. काय सांगू! मधाच्या रंगाचा अकीक, त्यात केसासारखे पांढरे पट्टे, पट्ट्यांमधून सूर्य मावळतोय असं वाटावं. राणीने नथीत घालावी अशी चीज. हमीदभाई मिशीला पीळ देत बसला होता.

मी खिशातून डबी काढली. डबीत कापसाच्या वाती.

इथे थोडं थांबतो, कारण आमच्या धंद्याची सगळी इज्जत या वातीत आहे. सुलभा देवासाठी ज्या वाती वळते, समईच्या, लांब, त्यातलीच एक मी घेतो आणि कडीच्या भोकातून हलकेच ओढतो, चहूबाजूंनी, कडेकडेने फिरवत. डोळ्याला न दिसणारी, बोटाला न कळणारी बारीक चीर असेल तिथे कापसाचा एक तंतू अडकून राहतो. एक तंतू राहिला, की कडी नापास. शेंड्याच्या कडीचं भोक तूरडाळीचा दाणा जाईल एवढं, त्यातूनही वात जायला हवी. भिंग, मापं, सगळं आहे माझ्याकडे, पण वात खोटं बोलत नाही.

हा नियम मी वाट चुकून शिकलो. एका जुन्या हवेलीचं हॉटेल झालं होतं. तिथल्या मॅनेजरला दिवाणखान्याच्या भिंतीवर फुलीसारख्या दोन काठ्या टांगायच्या होत्या. म्हणाला, फक्त दिसायला हव्यात, भिंतीवर कोण दोरा ओवतंय? मलाही पटलं. भोक न घासताच दगड बसवून दिले. मग तिथे एक परदेशी म्हातारी पाहुणी आली. तिने खुर्चीवर चढून काठी उतरवली, चरखी जोडली आणि हॉटेलच्या हौदात, लाल माशांमध्ये, गळ टाकला. तिसऱ्या फेकीला दोरा तुटला. मॅनेजर हसत होता म्हणे. ती हसली नाही. तिने कडीवर बोट फिरवलं आणि विचारलं, हे कुणी केलं? त्याने माझं नाव सांगितलं. मी तिथे नव्हतो, पण ते बोट मला अजून पाठीवरून फिरल्यासारखं वाटतं. तेव्हापासून भिंतीची असो वा पाण्याची, वातीशिवाय कडी माझ्या दारातून बाहेर जात नाही.

तर मी हमीदभाईच्या त्या सूर्यास्तातून वात ओढली. आली. जरा फिरवून पुन्हा ओढली. पांढऱ्या पट्ट्यापाशी एक तंतू राहिला.

“नहीं अटका,” हमीदभाई म्हणाला.

“अटका.”

“हवा से अटका.”

मी भिंग दिलं. त्याने घेतलं नाही. पट्टे जिथे दिसायला सुंदर, तिथेच दगड आतून वेगळा असतो. दोन थरांची शिवण तिथे येते आणि शिवणीत सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. अंगठीत त्याने काही बिघडत नाही. जोहरी वरून पाहतो. पण दोरा आतून जातो, आणि दोऱ्याला सौंदर्याशी काही देणंघेणं नाही.

“चालीस साल,” हमीदभाई उभा राहिला, “चालीस साल में मेरा माल किसी ने रुई से नहीं परखा! जाओ, अपनी मछली से पूछो, दूल्हा पसंद है या नहीं!”

मी पण काही कमी नाही. म्हणालो, मछली को दूल्हा नहीं, रास्ता चाहिए. जमलेली गल्ली ‘वा’ म्हणाली, आणि माझं काम कायमचं बिघडलं. चार लोकांत कारागिराचा माल नापास करायचा नसतो, त्यावर टाळी तर घ्यायचीच नसते. एवढी अक्कल मला घरी पोचल्यावर आली.

तीन दिवस त्याने फोन उचलला नाही. तारीख जवळ येत होती. केतकी रोज संध्याकाळी फोन करी आणि मी रोज सांगे, “झालंच, शेवटचा हात चाललाय.” कुणाचा हात, ते मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या एका कारागिराकडे गेलो, त्याने एवढ्याशा भोकाला आतून झिलई करायची म्हटल्यावर मला पाणी पाजून वाटेला लावलं. खरी मेहनत भोकातच असते. बाहेरचा भाग चाकावर घासता येतो. आत मात्र पूड लावलेला दोरा ओवून, दोन्ही हातांनी पुढे-मागे, पुढे-मागे, एका कडीला अख्खा दिवस. नदी जे करणार ते आधी आपणच करून पाहायचं. ते करणारा माणूस एकच होता आणि तो माझ्यावर रुसला होता.

चौथ्या दिवशी सुलभा म्हणाली, “चला, मी येते. तुम्ही तोंड उघडायचं नाही.”

ती रामगंजला हमीदभाईच्या उंबऱ्यावर बसली, त्याच्या बायकोची, सुनेची, गुडघेदुखीची चौकशी केली आणि मग म्हणाली, “भाईजान, वो अंगूठियाँ इतनी सुंदर थीं कि मुझे रात को नींद नहीं आयी. मेरे पास होतीं तो मैं मछली को क्यों देती?”

हमीदभाईचा चेहरा दोन बोटं सैल झाला. त्याने पाणी मागवलं. पाणी द्यायला म्हणून सुनेने माठावरचं झाकण उचललं, आणि झाकणावर वजन म्हणून ठेवलेला एक दगड बाजूला ठेवला. सुलभाने तो हातात घेतला. चिखलाच्या रंगाचा, मुठीएवढा, ओबडधोबड.

“हा काय दगड?”

“वो? वो तो मेरे वालिद के वक़्त से पड़ा है,” हमीदभाई म्हणाला. “अकीक ही है, पर न रंग, न धारी. किसी जौहरी ने हाथ नहीं लगाया.”

“धारी नाही,” सुलभा माझ्याकडे बघत म्हणाली.

मी तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, पण ते आपोआप उघडलं. पट्टा नाही म्हणजे थर नाहीत. थर नाहीत म्हणजे शिवण नाही. हमीदभाईने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. त्याने दगड तिच्या हातातून घेतला, पाण्यात बुडवला, दिव्यासमोर धरला. आत नुसता धुरकट उजेड, सगळीकडे सारखा, पावसाळी आभाळासारखा.

“ठीकरा है,” तो म्हणाला, म्हणजे नुसतं खापर. आणि चाक सुरू केलं.

दोन दिवसांनी कड्या झाल्या. दिसायला अगदी सामान्य, मळकट. तो म्हणाला, “रुई लाओ.” वात त्याने स्वतः ओढली. एकदा, दोनदा, दहादा. मग चष्मा वर करून मला दाखवली. जशी गेली तशी आली होती, जणू हवेतून. तो हसला नाही, पण माझ्यासाठी चहा सांगितला, तोही मलईचा.

मी चौकटी जुन्या दिसाव्यात म्हणून काळवल्या. काठीवर रेशमी दोऱ्याने बांधल्या, वर व्हार्निश. आणि वैशाली नगरला जायच्या आदल्या दिवशी बसून खोटं तयार केलं. नुसतं खोटं नाही, महावस्त्र! पहिली कडी मूळचीच आहे, फक्त मी ती उजळली, शेंड्याची मात्र इंग्लंडातल्या एका सरदाराच्या विधवेकडून मिळवली, तिच्या नवऱ्याला महसीरने नदीत ओढून नेलं होतं, वगैरे. सुलभाने ऐकून एवढंच विचारलं, “मग ती कडी परत कशी आली?” ते मी दुरुस्त केलं.

आप्पांची खोली. दुपारचे चार, पण आत संध्याकाळ. जाड पडदे. खुर्चीत एक वाळका, ताठ माणूस. भिंतीला टेकून काठी उभी केली, तरी त्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं नाही. केतकी दारात ओढणीचं टोक पिळत उभी.

“आप्पा, बघा ना. काकांनी केली. होती तशी.”

त्यांनी काठी मांडीवर घेतली. डोळे अधू झाले असावेत, कारण ते पाहत नव्हते, चाचपत होते. खिशातून सुती दोरा काढला, खाली वाकून कड्यांतून ओवला आणि कानाजवळ धरून हळूहळू ओढला. मग पहिल्या कडीच्या आत अंगठा फिरवला.

“ही माझी नाही.”

मी लगेच सुरू झालो. विधवा आली, सरदार आला, महसीर तर असा आला की खोली अपुरी पडली. आप्पा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले,

“सोनवणे, मी आयुष्यभर पुराच्या पातळ्या लिहिल्या. काठावरचा प्रत्येक माणूस सांगायचा, साहेब, पाणी झाडाच्या शेंड्यापर्यंत आलं होतं. मी त्याचं ऐकून घ्यायचो. मग झाडावर चिखल कुठपर्यंत लागलाय ते बघायचो.”

केतकी मला डोळ्यांनी विनवत होती, नका सांगू. आणि मी, ज्याने साहेबांना, गार्डांना, पाहुण्यांना, खुद्द सासऱ्यांना गंडवलं, तो मी, त्या अंगठ्यापुढे आटलो.

“तुमची कडी फुटली, आप्पासाहेब,” मी म्हणालो. “मी फोडली. ज्योत दाखवली. चूक माझी, पोरीची नाही. ती तर ओरडली माझ्यावर.”

“आप्पा, मी सांगणार होते,” केतकी म्हणाली.

मला वाटलं, संपलं. आता म्हणतील, होती तशी नाही ना, मग राहू दे. मनातल्या मनात मी तंबूंचं बुकिंग रद्द करत होतो.

“गरम कशाला केलीत?” आप्पा म्हणाले. “आठ दिवस स्पिरिटमध्ये ठेवायची. लाख आपोआप सुटते.”

“हो.”

“दगड कसला आहे हा?”

मग मी खरं सांगितलं, सगळं. सूर्यास्ताच्या कड्या, वात, हमीदभाईचा राग, माठावरचा दगड. खरं सांगायची सवय नसल्याने मध्ये मध्ये अडखळलो. आप्पा पुढे झुकले होते.

“म्हणजे याला पट्टाच नाही?”

“नाही.”

“असं होत नाही. कुठेतरी असणार.” ते उठले. उठताना केतकी पुढे धावली, त्यांनी हातानेच तिला थांबवलं. काठी घेऊन चार पावलं चालले आणि जो पडदा सव्वा वर्ष हलला नव्हता तो मुठीत धरून त्यांनी सर्रकन बाजूला ओढला. वैशाली नगरातलं ऊन, स्कूटरी, भाजीवाला, समोरच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे, सगळं एकदम आत आलं. मी तर म्हणेन धूळ एवढी उडाली की तिघंही शिंकलो. हे अगदी खरं आहे. केतकीला विचारा.

ते कडी उन्हात धरून फिरवत होते. बराच वेळ.

“दिसत नाही,” ते शेवटी नाराजीने म्हणाले. “पण घरात बसून काय कळणार? सुक्या दोऱ्यावर कुठलीही कडी चालते. ओल्या दोऱ्यावर, रेतीच्या पाण्यात, ताण आल्यावर काय करते ते पाहायला पाहिजे. सोनवणे, तुम्ही हे लोकांना विकता?”

“विकतो.”

“पाण्यावर तपासल्याशिवाय?”

“जयपुरात पाणी कुठलं, आप्पासाहेब?”

“बेजबाबदारपणा आहे हा,” आप्पा म्हणाले. आणि मुलीकडे वळून, “गाडी किती वाजता सांगितलीयस?”

आप्पा आणि केतकी कुमाऊँला गेले. मी इथे, सुलभा इथे, हमीदभाई तिकडे. तीन दिवस आम्ही तिघांनी मिळून एवढा जीव टांगणीला लावला की महसीरलाही लाज वाटली असती. हमीदभाई दिवसातून दोनदा फोन करी, “मछली ने क्या कहा?” सुलभाचा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून एकच होता, की महसीर धरून पुन्हा नदीतच सोडायचा असा नियम असेल, तर त्या बिचाऱ्याला धरायचाच कशाला?

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. फोन केला. केतकीने उचलला, मागे पाण्याचा आवाज. नुसता आवाज नाही, गर्जना! ती म्हणाली, काका, आप्पा सकाळी पाचलाच उठतात, मला उठवतात, गुडघाभर पाण्यात उभे आहेत, मासा एकही लागला नाही, थांबा, त्यांनाच देते.

“आप्पासाहेब!” मी ओरडलो. आता ओरडायची पाळी माझी होती. “कडी कशी आहे? चालली का?”

“तीन दिवसांच्या नोंदीवरून काही सांगता येत नाही,” आप्पा म्हणाले. “पुढच्या महिन्यात पुन्हा यावं लागेल.”